घरच्या नॅससाठी हार्ड डिस्क: ५१२ई घ्यावी की ४केएन?

नॅससाठी (घरच्या नेटवर्कवर फाइली साठवणाऱ्या यंत्रासाठी) मोठ्या डिस्क घ्यायच्या ठरल्या की चौकशी होते ती क्षमतेची, वॉरंटीची आणि आवाजाची. सेक्टरच्या, म्हणजे डिस्क एका वेळी वाचते-लिहिते त्या सर्वांत लहान तुकड्याच्या, आकाराकडे फारसं कुणी पाहत नाही. पण त्याची मांडणी पहिल्या दिवशी चुकली, तर सुधारण्यासाठी सगळा डेटा दुसरीकडे हलवावा लागतो. म्हणून माझं मत आधीच सांगतो: बहुतेक घरांसाठी ५१२ई डिस्क पुरेशी आहे (५१२ई आणि ४केएन म्हणजे काय ते लगेच पुढे येईल), तिच्यावरचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखलेला भाग, नीट जागेवर सुरू झालं पाहिजे, एवढंच. ४केएन घेण्याजोगी परिस्थितीही असते, पण ती मोजक्यांची.

पूर्वीच्या डिस्कचा सेक्टर ५१२ बाइटचा असे. प्रत्येक सेक्टरसोबत थोडी मोकळी जागा, खुणा आणि चूक दुरुस्त करणारा कोड लागतो. ५१२ बाइटमागे यात सुमारे ६५ बाइट जातात, तर ४०९६ बाइटच्या एका सेक्टरमागे सुमारे ११५ बाइटमध्ये काम होतं आणि दुरुस्तीचा कोडही जास्त ताकदीचा बसतो. तबकडीचा प्रत्यक्ष उपयोग साधारण ८९ टक्क्यांवरून ९७ टक्क्यांवर जातो. त्यामुळे २०११ पासून उत्पादकांनी नव्या डिस्क मोठ्या सेक्टरवर नेल्या. ५१२ई डिस्क आतून ४०९६ बाइटचीच असते, पण संगणकाशी ५१२च्या हिशेबात बोलते. ४केएन आतून-बाहेरून ४०९६चीच. खऱ्या ५१२ बाइटच्या डिस्क आता फक्त लहान क्षमतेत दिसतात, त्यांचा विचार सोडून द्या.

गडबड होते ती ५१२ईमध्ये. विंडोज एक्सपीच्या काळात पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं. ४०९६ बाइटच्या एका खऱ्या सेक्टरमध्ये ५१२चे ८ सेक्टर बसतात. ६३ला ८ने भाग जात नाही, म्हणून फाइल सिस्टमचा ४ केबीचा प्रत्येक ब्लॉक तबकडीवरच्या दोन खऱ्या सेक्टरांत विभागला जातो: एकात आठवा हिस्सा, दुसऱ्यात उरलेला. असा ब्लॉक लिहायचा तर डिस्कला दोन्ही सेक्टर आधी वाचावे लागतात, मेमरीत बदलावे लागतात आणि तबकडी फिरून परत येईपर्यंत थांबून मग लिहावे लागतात. ५४०० आरपीएमच्या डिस्कवर एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात. मोठा सिनेमा कॉपी करताना हे फारसं जाणवत नाही, कारण डिस्क सलग लेखन जोडून घेते आणि फक्त कडा अडखळतात. फोटोंची हजारो थंबनेल, डेटाबेस, टोरंटची तुकड्या-तुकड्यांची लेखनं इथे मात्र वेग पार कोसळतो. रेड ५ (अनेक डिस्कवर डेटा वाटून, एक बंद पडली तरी तो परत मिळावा म्हणून पॅरिटी नावाची जादा माहिती ठेवणारी रचना) असेल तर पॅरिटीसाठीचं वाचन-लेखन त्यावर आणखी चढतं.

यावरचा उपाय सोपा आहे: पार्टिशन २०४८व्या सेक्टरपासून, म्हणजे बरोबर १ मेबीबाइटवर सुरू करायचं. व्हिस्टापासून विंडोज हेच करतं, लिनक्सची आजची पार्टिशन साधनंही. सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपचा सध्याचा तयार नॅस असेल तर पार्टिशन तोच करतो, तुम्हाला काही करायचं नसतं.

झेडएफएस (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारी फाइल सिस्टम) वापरणाऱ्यांनी मात्र इथे जरा जास्त वेळ द्यावा. त्यात सेक्टरचा आकार ॲशिफ्ट नावाच्या आकड्याने ठरतो: ९ म्हणजे ५१२ बाइट, १२ म्हणजे ४०९६. पूल (डिस्कचा एकत्र साठा) बनवताना तो ठरतो आणि त्या व्हीडेव्हपुरता, म्हणजे पूलमधल्या डिस्कच्या त्या गटापुरता, कायमचा राहतो. झेडएफएस डिस्कला तिचा खरा आकार विचारून तो निवडतं, पण सुरुवातीच्या काही ४०९६वाल्या डिस्क आणि काही यूएसबी ब्रिज (डिस्क यूएसबीला जोडणाऱ्या चिप) ५१२ असंच उत्तर देतात. म्हणून १२ हा आकडा स्वतः लिहावा. ट्रूनॅस ही झेडएफएसवर चालणारी नॅस प्रणाली आपणहून १२ ठेवते. ॲशिफ्ट ९च्या पूलमध्ये पुढे ४केएन डिस्क बसतच नाही, आणि ५१२ई बळेच बसवली तर लहान लेखनांना रखडते.

१२ ठेवल्याने जागा वाया जाते, अशी तक्रार असते. ती अर्धी खरी आहे. सहा डिस्कच्या रेड-झेड२मध्ये (झेडएफएसची, दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकवणारी रचना) ४ केबीचा ब्लॉक ॲशिफ्ट ९वर ६ केबी घेतो, १२वर १२ केबी, म्हणजे दुप्पट. पण १२८ केबीच्या नेहमीच्या रेकॉर्डला दोन्हीकडे १९२ केबीच लागतात. घरच्या नॅसवर फोटो, व्हिडिओ आणि बॅकअप असतात. त्यांना हा तोटा जवळजवळ नाही. व्हर्च्युअल मशीनच्या (संगणकात चालणाऱ्या आभासी संगणकांच्या) डिस्क ठेवायच्या असतील तर त्यांच्यासाठी मिरर, म्हणजे एकच डेटा दोन डिस्कवर ठेवणारी जोडी, करा.

आता ४केएन. ती वेगवान असते हा समज चुकीचा आहे. पार्टिशन जुळलेलं असेल तर दोन्हींची तबकडी तेच काम करते. ४केएनचा खरा फायदा हा की चुकीच्या मांडणीला तिथे जागाच नाही, कारण अर्धवट सेक्टर लिहिण्याची मागणी तिच्यापर्यंत पोचत नाही. ५१२ईवर अर्धा सेक्टर बदलताना मध्येच वीज गेली, तर शेजारच्या, हात न लावलेल्या डेटाला धोका पोचू शकतो. तरीही वारंवार वीज जाणाऱ्या घरात ४केएनवर जास्त पैसे घालण्याआधी यूपीएस घ्यावा, असं मला ठामपणे वाटतं.

४केएनच्या अडचणी रोजच्या आहेत. विंडोज ७ तिला ओळखत नाही, विंडोज ८पासून पुढे चालते. तिच्यावरून बूट करायचं तर यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेलं, संगणक सुरू करणारं सॉफ्टवेअर) लागतं. सिनॉलॉजीत ४केएन आणि इतर डिस्क एका स्टोरेज पूलमध्ये एकत्र करता येत नाहीत. एक डिस्क रविवारी संध्याकाळी बंद पडली, तर जवळच्या दुकानात हमखास मिळते ती ५१२ई. म्हणजे ४केएनचा पूल करायचा तर सुटी डिस्क आधीच घेऊन ठेवावी लागेल. सगळ्या डिस्क नव्या, सगळ्या सारख्या, नॅसच्या सुसंगत यादीत असलेल्या आणि एक राखीव हाताशी, अशी तयारी असेल तर खुशाल घ्या.

सीगेट एक्सोससारख्या काही डिस्क ५१२ई आणि ४केएनमध्ये बदलता येतात. त्यात डिस्कवरचं सगळं जातं, आणि मध्येच वीज गेली तर डिस्क निकामी होऊ शकते. हे काम यूएसबीतून तर करूच नये. घरी त्यातून मिळणारा लाभ या जोखमीच्या मानाने फार कमी आहे.

यूएसबी एनक्लोजर (बाहेरून जोडायच्या डिस्कचा डबा) उघडून आतली डिस्क नॅसमध्ये घालणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. काही ब्रिज आतल्या ५१२ई डिस्कला बाहेर ४०९६ची म्हणून दाखवतात. डिस्क बाहेर काढली की पार्टिशन टेबल वेगळ्या मापाने वाचलं जातं आणि डेटा गायब झाल्यासारखा वाटतो. म्हणून डिस्क एनक्लोजरमध्ये असतानाच डेटा दुसरीकडे कॉपी करून घ्या.

जुनी डिस्क तपासायची तर लिनक्सवर पार्टिशनचा सुरुवातीचा सेक्टर पाहा. ५१२च्या हिशेबात त्याला ८ने भाग गेला तर ठीक. नाही गेला, तर जागच्या जागी सरकवणाऱ्या साधनांपेक्षा डेटा बाहेर कॉपी करून, पडताळून, नवं पार्टिशन करून परत आणणं मला जास्त सुरक्षित वाटतं. सरकवताना मध्ये काही बिघडलं तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे राहतं, आणि तेव्हा कामाला येतो तो बॅकअपच. तो असेल, तर मग सरकवायचं कारणही उरत नाही.