नाकात फवारा, चेंबर की घर? माइटच्या ॲलर्जीचा अभ्यास कसा करावा

परागकणांना हंगाम असतो, रोज हवेतले कण मोजताही येतात. धुळीतला माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म किडा, मात्र बारा महिने गादीत मुक्कामाला असतो. त्रास देतं ते मुख्यतः त्याच्या विष्ठेच्या गोळ्यांतलं ‘डर पी 1’ हे प्रथिन. या गोळ्या साधारण 20 मायक्रॉनच्या, म्हणजे हवेच्या मानाने जड असतात. गोधडी झटकली की उडतात आणि अर्ध्या तासाच्या आत बऱ्याचशा खाली बसतात. मांजराचं ॲलर्जन (ॲलर्जी उठवणारा पदार्थ) तासन्‌तास तरंगतं, तसं यांचं नाही. माइटची ॲलर्जी अभ्यासायच्या वाटा तीन: नाकात अर्क फवारणं, ॲलर्जन सोडलेल्या बंद खोलीत म्हणजे चेंबरमध्ये बसवणं, किंवा घरीच पाहणं. यांतली निवडताना पहिला विचार याचा करायचा.

सर्वांत स्वस्त पद्धत नाकात फवारण्याची. खोली, फवारा, माइटचा प्रमाणित अर्क आणि नाकातून आत जाणाऱ्या श्वासाचा कमाल वेग मोजणारं मीटर एवढं हवं. रुग्णाला आधी अर्धा तास शांत बसवा. उन्हातून किंवा एसीतून आलेलं नाक लगेच मोजलं तर आकडे भरवशाचे नसतात. मीटरवर तीन फुंका नव्हे, तीन जोरदार ‘ओढी’ घ्यायला लावायच्या आणि सर्वांत चांगला आकडा धरायचा. पहिला फवारा अर्क पातळ करायला वापरलेल्या नुसत्या द्रावाचा, दोन्ही नाकपुड्यांत 100 मायक्रोलिटर. दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. एवढ्यावरच शिंकांची माळ लागली तर ते नाक मुळातच चिडकं आहे. त्या दिवशी पुढे जाऊ नका. नाहीतर सौम्य द्रावणापासून पायरी-पायरीने वर चढा. फवारताना रुग्णाने पूर्ण श्वास भरून तो रोखायचा, मग नाकाने सोडायचा. नाहीतर अर्क छातीत उतरतो.

इथे चुका साध्या असतात आणि महागात पडतात. त्वचाचाचणीच्या अर्कात निम्मं ग्लिसरॉल असतं. तोच नाकात मारला की ॲलर्जी नसलेल्याचंही नाक चुरचुरतं. फ्रिजमधून काढलेला थंड अर्क लगेच वापरला तरी नाक वाहतं. अँटीहिस्टामिन (ॲलर्जी दाबणारं औषध) आठवडाभर बंद हवं, आणि सर्दीच्या सिरपातही ते असतं हे रुग्णाला नाव घेऊन विचारावं लागतं. सर्दी होऊन गेल्यावर चार आठवडे थांबा. एकाच माणसावर लगोलग चाचण्या घेतल्या तर नाक आधीच तापलेलं असतं आणि कमी मात्रेलाही भडकतं. मध्ये किमान दोन आठवडे सोडा.

लक्षणांना शिंका, खाज, पाणी, चोंदणं असे प्रत्येकी 0 ते 3, एकूण 12 गुण. वेगात 40 टक्के घट झाली तर निकाल स्पष्ट. त्वचाचाचणी आणि रक्तातला आयजीई (ॲलर्जीची प्रतिपिंडं) दोन्ही निगेटिव्ह, पण नाक मात्र माइटला पेटतं, अशी माणसं ओळखायला याहून सरस पद्धत नाही. उणीव एकच, पण मोठी: एका क्षणात नाकावर ओतलेला डोस म्हणजे रात्रभर उशीवर डोकं ठेवून झोपणं नव्हे.

चेंबर ती उणीव बरीच भरून काढतो. व्हिएन्ना, कॅनडातलं किंग्स्टन, जर्मनीतलं हॅनोवर इथले चेंबर यासाठी नावाजलेले आहेत. अनेक जण तासन्‌तास एकाच हवेत बसतात आणि ठरावीक वेळाने गुण नोंदवतात. व्हिएन्नात जिभेखाली ठेवायच्या माइट-अर्काच्या औषधी गोळीची चाचणी अशीच झाली. ती 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. 124 प्रौढ, सहा-सहा तासांची बैठक. 24व्या आठवड्यात प्लासिबोच्या (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या) तुलनेत नाकाची लक्षणं मोठ्या मात्रेने 48.6 टक्के, तर निम्म्या मात्रेने 26.6 टक्के कमी झाली. एवढ्या कमी माणसांत मात्रांमधला फरक इतका स्वच्छ दिसणं घरी लिहिलेल्या लक्षणांच्या डायरीच्या आवाक्यातलं नाही.

पण माइटचे कण खाली बसतात, म्हणून पंखे आणि माइटच्या भुकटीचा पुरवठा अखंड चालू ठेवावा लागतो. कोपऱ्यातल्या खुर्चीला मधल्या खुर्चीइतकंच ॲलर्जन मिळतंय का, हे लेझर काउंटर सांगत नाही. तो कण मोजतो. कपड्यांचे तंतूही त्याला कणच. खुर्च्यांजवळ फिल्टर लावून त्यावरचं डर पी 1 एलायझाने (प्रथिन मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीने) मोजलं पाहिजे. हा खर्च वाचवणाऱ्या चेंबरच्या आकड्यांवर आम्ही तरी विसंबणार नाही.

घरातला अभ्यास सर्वांत खरा आणि सर्वांत बेशिस्त. गादीचा एक चौरस मीटर दोन मिनिटं व्हॅक्यूम करून धूळ तपासतात. ग्रॅमला 2 मायक्रोग्रॅम डर पी 1 म्हणजे ॲलर्जी जडण्याचा धोका, 10 म्हणजे दमा उसळण्याचा, असे उंबरठे 1980च्या दशकात सुचवले गेले. ते ढोबळच समजावेत. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस हा वेगळा माइटही असतो. तिथे फक्त डर पी 1चं किट वापरलं तर तो निसटतो. शिवाय अभ्यासात नाव घातलं की लोक गादी उन्हात टाकू लागतात, नवी खोळ आणतात, आणि प्लासिबोच्या गटालाही बरं वाटू लागतं. तरीही इम्युनोथेरपीच्या (ॲलर्जनच देऊन शरीराला सवय लावणाऱ्या उपचाराच्या) मंजुरीसाठी नियामक शेवटी असाच पुरावा मागतात; चेंबरचे आकडे जोडीला चालतात.

एमडीचा प्रबंध असेल, तर फवारा घ्या. औषधाची मात्रा किंवा परिणाम सुरू व्हायचा वेळ शोधायचा असेल, तर स्वतः चेंबर बांधू नका, चालू चेंबरशी करार करा. घरचा अभ्यास हाती घ्यायचा तर वर्षभराची तयारी आणि दोन्ही गटांना सारखीच खोळ.

फवारा असो वा चेंबर, दमा आटोक्यात नसलेल्याला घेऊ नका. आधी आणि नंतर स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणं) करा, अ‍ॅड्रेनलिन आणि सॅल्ब्युटामॉल ही तातडीची औषधं हाताशी ठेवा. चार ते आठ तासांनी छाती पुन्हा आवळू शकते, म्हणून चाचणी सकाळी घ्या आणि घरी जाताना रुग्णाच्या हातात इनहेलर व फोन नंबर द्या.