शरद ऋतूतले पाच उत्सव: एकाच ठिकाणी जाता येणार असेल तर?

शरद ऋतूतला एखादा उत्सव बघायला लांब जायचं ठरलं, की आधी फोटो समोर येतात. आकाशात तरंगणारे कंदील, झेंडूने झाकलेल्या कबरी, एकाच वेळी वर चढणारे शेकडो बलून. फोटोंवरून निवड करणं अशक्य, कारण त्यांत सगळंच सुंदर दिसतं. म्हणून मी दोन गोष्टी आधी बघते: बाहेरून आलेल्या माणसाला तिथे कितपत सामावून घेतलं जातं, आणि हवा बिघडली तर हाती काय उरतं. म्युनिक, आल्बकर्की, वाहाका, चियांग माय आणि ताकायामा या पाच ठिकाणांची उत्तरं अगदी वेगवेगळी आहेत.

जर्मनीतल्या म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्ट या बिअरच्या उत्सवाला हवामानाची चिंता सर्वांत कमी, कारण सगळा जीव मोठमोठ्या तंबूंत असतो. 1810 मध्ये बव्हेरियाच्या युवराजाच्या लग्नानिमित्त सुरू झालेला हा उत्सव 15 सप्टेंबरनंतरच्या शनिवारी सुरू होतो आणि साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी संपतो. ऑक्टोबरच्या मध्यावर गेलात तर मैदान रिकामं. पहिल्या दिवशी दुपारी बाराला महापौर पिंपाला तोटी ठोकतात, तोवर कुणाला बिअर मिळत नाही. मैदानात आणि तंबूत शिरायला पैसे पडत नाहीत. अडचण बसायच्या जागेची आहे. बाकावर जागा नसेल तर तंबूत सहसा बिअर दिली जात नाही, आणि शनिवारी-रविवारी तंबू भरले की दारं बंद होतात. लिटरभराचा मग अलीकडे 14-15 युरोंच्या घरात गेलाय. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारच्या आत जाणाऱ्याला जागा मिळते आणि शेजारच्या बाकावरचे लोक गप्पाही मारतात. जुन्या पद्धतीचे पाळणे, ब्रास बँड आणि लोकनृत्य असलेला ‘ओइडे वीझन’ हा भाग मला मुख्य मैदानापेक्षा जास्त आवडतो. थोडं शुल्क आहे, आणि शेतकी प्रदर्शन असेल त्या वर्षी तो भाग नसतो, एवढं तपासून घ्या. पिण्यात रस नसेल तर मात्र म्युनिक यादीतून काढून टाका. त्यात गैर काही नाही.

आल्बकर्की म्हणजे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातला बलून फिएस्टा. 1972 साली 13 बलूननी सुरुवात झाली. आता पाचशेच्या आसपास असतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नऊ दिवस चालतो. इथे प्रेक्षकाला दोरीपलीकडे उभं करत नाहीत. पहाटेच्या अंधारात तुम्ही सरळ मैदानात चालत जाता, आणि पायाशी गवतावर पसरलेलं कापड पंख्याच्या हवेने फुगू लागतं. मग बर्नरचा फूत्कार होतो, अंगाला धग लागते आणि तो प्रचंड आकार हळूहळू सरळ उभा राहतो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे कपडे घातलेला माणूस गर्दी बाजूला करतो, शिट्टी वाजवून अंगठा वर करतो आणि टोपली जमीन सोडते. हे लगेच शेजारी पुन्हा घडतं, आणि पुन्हा.

इथे उडणं इतकं जमतं ते दरीतल्या वाऱ्यामुळे. थंड सकाळी जमिनीलगतचा वारा दक्षिणेकडे वाहतो आणि त्याच्या वरचा उत्तरेकडे. पायलट उंची बदलून पुढे जातो आणि निघाला त्या जागेच्या जवळ परतही येतो. पण हाच वारा जोरात सुटला तर त्या सकाळची उड्डाणं रद्द होतात आणि त्यावर इलाज नाही. म्हणून एकाच सकाळीसाठी एवढं लांब जाऊ नका. किमान तीन सकाळी हाताशी हव्यात. शहर दीड हजार मीटरहून उंचावर आहे, सूर्य उगवेपर्यंत चांगलीच थंडी वाजते.

वाहाका मेक्सिकोत आहे, आणि माझं मन इथेच अडकतं. 1 आणि 2 नोव्हेंबर हे मृतांचे दिवस: पहिला लहानपणी गेलेल्या मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. 31 ऑक्टोबरच्या रात्री शहराजवळच्या होहोकोत्लानच्या दफनभूमीत कुटुंबंच्या कुटुंबं मेणबत्त्या लावून जागतात. कबरीवर झेंडूच्या पाकळ्या आणि गर्द लाल कोंबड्याची फुलं रचलेली, कोपाल या सुगंधी डिंकाचा धूर, गेलेल्याचं आवडतं जेवण, कुठे मेझकाल या स्थानिक दारूची बाटली, कुठे भाड्याने बोलावलेले वादक. झेंडू मूळचा याच भूमीतला. शेजारच्या कबरीवर गाणं चालू असताना इकडे एखादी आजी गुडघ्यावर बसून हाताने माती सारखी करत असते. रडणं आणि हसणं दोन्ही उघड्यावर चालतं.

हा उत्सव कुणी आलं नाही तरी होणारच आहे, त्यामुळे पाहुण्याची जबाबदारीही इथेच सर्वांत जास्त. विचारल्याशिवाय कॅमेरा वर करू नका, कबरींवरून चालू नका, दारू पिऊन तर तिथे जाऊच नका. अलीकडे प्रवाशांची गर्दी इतकी वाढलीय की मोठ्या दफनभूमीत घरच्यांपेक्षा पाहुणे जास्त वाटतात. आसपासच्या लहान गावांत, ओळखीच्या स्थानिक माणसाबरोबर जाणं केव्हाही चांगलं. मेक्सिको सिटीतली भव्य मिरवणूक बघून हेच पाहिलं असं समजू नये. ती 2016 पासूनची आहे, एका जेम्स बाँडपटात तसा प्रसंग दाखवल्यानंतर सुरू झालेली. पावसाळा तोवर बहुतेक सरलेला असतो, म्हणजे हवेची बाजूही भक्कम.

थायलंडमध्ये नोव्हेंबरात पानगळ वगैरे नसते, पाऊस ओसरलेला असतो एवढंच. चियांग मायचा यी पेंग हा कंदिलांचा उत्सव पौर्णिमेवर ठरतो, त्यामुळे तारीख दरवर्षी हलते: 2024 मध्ये 15 नोव्हेंबर, 2025 मध्ये 5 नोव्हेंबर. फोटोतलं ते हजारो कंदिलांचं आकाश बहुतेक वेळा शहराबाहेरच्या तिकीट लावलेल्या कार्यक्रमांतलं असतं आणि तिकिटं हजारो बाथची. मी ते घेणार नाही. हे कंदील नंतर कुठेतरी शेतात, छपरांवर पडतात, त्या रात्री विमानांच्या वेळाही बदलाव्या लागतात. त्याच दिवसांत पिंग नदीच्या घाटांवर लॉय क्राथोंग असतो, तो फुकट आणि सर्वांसाठी खुला. केळीच्या खोडाची चकती, पानांच्या घड्या, मेणबत्ती, उदबत्ती असं पात्र विकत घ्या किंवा स्वतः बनवा आणि पाण्यात सोडा. फक्त थर्माकोलचं घेऊ नका.

जपानमधल्या ताकायामाच्या रथोत्सवाची तारीख पक्की आहे, 9 आणि 10 ऑक्टोबर. अकरा कोरीव रथ, त्यांतल्या एकावर दोऱ्यांनी नाचणाऱ्या बाहुल्या, 9च्या रात्री कंदिलांची मिरवणूक. पण पाऊस आला की रथ बाहेर निघत नाहीत, आणि दोनच दिवस असल्याने दुसरी संधी मिळत नाही. गाव लहान असल्याने खोल्याही फार लवकर संपतात. जपानचा प्रवास एरवीही ठरलेला असेल तर जरूर जोडून घ्या. केवळ यासाठी जाण्यात जोखीम मोठी आहे.

मुलं आणि वयस्कर मंडळी बरोबर असतील तर आल्बकर्की: चालणं थोडं, भाषेची अडचण कमी आणि दुपार मोकळी. दोघंच किंवा एकटे असाल आणि रात्र जागायची तयारी असेल तर वाहाका. खोली काही महिने आधी धरा आणि 29 ऑक्टोबरपर्यंत पोहोचा. त्या दोन दिवसांत बाजारात फुलांचे भारे उतरतात, घराघरांत वेदी मांडल्या जातात आणि खोली देणाऱ्या घरातच तुम्हाला झेंडूच्या पाकळ्या सुट्या करायला बसवण्याची बरीच शक्यता असते.