खाऱ्या पाण्याची पहिली टाकी, सांगलीचा उन्हाळा आणि स्किमरची चार मिलिमीटरची दांडी

मे महिन्याच्या मध्यावर माझ्या समुद्री माशांच्या टाकीतील प्रोटीन स्किमरच्या, म्हणजे पाण्यात हवा घुसळून घाण फेसावाटे बाहेर काढणाऱ्या यंत्राच्या, पंपातील सिरॅमिकची दांडी तुटली. दिवाळीपासून वापरात असलेल्या या सगळ्या साहित्याचा अनुभव लिहायचे मनात होतेच, त्याला आता निमित्त मिळाले. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असून सांगलीतच काच कापून बांधून घेतली आहे. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता तिच्यात साधारण १५० लिटर पाणी राहते. खाली गाळणीसाठी वेगळी टाकी (संप) नाही. प्रवाळ ठेवलेले नाहीत. क्लाऊनफिशची एक जोडी, एक गोबी मासा आणि शेवाळ खाणाऱ्या काही गोगलगायी एवढाच संसार आहे.

दांडी का तुटते, हे ती तुटेपर्यंत कोणी सांगत नाही. स्वस्त स्किमरमध्ये येणाऱ्या एसी पंपाच्या चुंबकी रोटरला, म्हणजे या दांडीवर फिरणाऱ्या भागाला, फिरण्याची ठरलेली दिशा नसते. वीज आली की तो दोन्ही बाजूंना हिसके देतो आणि मग ज्या दिशेला सोपे जाईल त्या दिशेला फिरू लागतो. खाऱ्या पाण्यातले कॅल्शियम दांडी धरणाऱ्या रबरी बुशभोवती साचले की हे हिसके अधिक कडक होतात, आणि सिरॅमिक गंजत नसले तरी ठिसूळ असते. महिन्यातून एकदा पंप उघडून व्हिनेगरमध्ये भिजवण्याचा नियम मी पाळत होतो. तरीही उन्हाळ्यात दिवसातून तीन-चारदा जाणाऱ्या-येणाऱ्या विजेपुढे तो नियम अपुरा पडला. पंप नुसता गुणगुणत राहिला आणि फेस बंद झाला.

विक्रेत्यांचे उत्तर असे होते की हमी मोटरवर आहे, इम्पेलर (पाणी ढकलणारे पाते) आणि दांडी हे झिजणारे भाग असल्यामुळे त्यांवर नाही. ते मान्य करून मी दांडी विकत मागितली, तेव्हा ती सुटी मिळत नाही, पूर्ण पंप घ्यावा लागेल, असे सांगण्यात आले. साडेसहा हजारांच्या स्किमरचा पंप साडेतीन हजारांना! पुण्याच्या वितरकांना फोन केले. त्यांनी नमुना कुरिअरने पाठवण्यास सांगितले, तो पाठवला, आणि आठवड्याने तेच उत्तर परत आले. कुरिअरचा खर्च अर्थात माझा. चार मिलिमीटर जाडीच्या त्या पांढऱ्या काडीचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून वाचकांनी या लेखातील तिचे स्थान थोडे जास्त वाटले तरी सांभाळून घ्यावे.

शेवटी ती काडी एका साध्या पाण्याच्या पंपात सापडली. डेझर्ट कूलरचे बुडणारे पंप विकणाऱ्या दुकानात तीन-चार पंप उघडून पाहिले, त्यांतल्या एकाची दांडी सिरॅमिकची आणि नेमकी त्याच जाडीची निघाली, फक्त लांबी जास्त होती. फरशी बसवणाऱ्या कारागिराने ग्राइंडरच्या डायमंड पातीने ती कापून दिली. स्टीलची दांडी लेथवर करून घेण्याचा सल्ला मिळाला होता, पण खाऱ्या पाण्यात साधे स्टेनलेस स्टीलही गंजते आणि त्याचे धातू पाण्यात उतरतात, म्हणून तो मार्ग घेतला नाही. अडीचशे रुपयांत स्किमर पुन्हा चालू झाला.

मधल्या काळात मात्र स्किमरविषयीचे माझे मत दोनदा बदलले. तो बंद असताना पहिले काही दिवस काहीच बिघडले नाही. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया शून्य राहिला, त्यापासून पुढे बनणारे नायट्रेट थोडे वाढले, आणि दर आठवड्याला पाण्याचा सातवा भाग बदलला की तेही आवरत होते. मोजके मासे असलेल्या, प्रवाळ नसलेल्या टाकीला हे यंत्र लागतच नाही, असे मी एका मित्राला सांगूनही टाकले. त्यानंतर उकाडा वाढला आणि पहाटे मासे पृष्ठभागाजवळ येऊन जलद श्वास घेताना दिसू लागले. ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) क्षारतेच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. गोड्या पाण्यात हे प्रमाण सव्वाआठच्या आसपास असते, आणि तापमान चढेल तसे दोन्ही उतरते. स्किमर अखंड हवा घुसळत असल्यामुळे ही तूट भरून निघत होती. आता माझे मत असे आहे की सांगलीच्या उन्हाळ्यात स्किमरने काढलेल्या घाणीपेक्षा त्याने मिसळलेली हवा अधिक मोलाची आहे, आणि वेव्हमेकरचे (टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाचे) तोंड पृष्ठभागाकडे वळवून तिची बरीचशी भरपाई करता येते.

खरा आनंद दिला तो पंख्यांनी. चिलरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, भाव तीस हजारांच्या घरात होता, आणि त्याशिवाय खाऱ्या पाण्याचा विचारही करू नये असे जवळजवळ प्रत्येकाने बजावले होते. त्याऐवजी संगणकाचे १२ व्होल्टचे दोन पंखे पाण्यावर तिरका झोत येईल असे बसवले आणि २७ अंशांवर सुरू होणारा छोटा तापमान नियंत्रक जोडला. एप्रिलमध्ये दुपारी खोलीत ३६ अंश असताना, पंख्यांविना ३३ पर्यंत चढणारे पाणी २८ च्या वर गेले नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे पाऊण युनिट विजेइतकी उष्णता निघून जाते. पंखे मात्र दोघे मिळून पाच वॅटसुद्धा खात नाहीत. आपल्याकडचा एप्रिल कोरडा असल्यामुळेच हे साधते, समुद्रकाठच्या दमट गावाला हा हिशेब लागू नाही. वळवाच्या आगेमागे हवा दमट झाली तेव्हा हेच पंखे जेमतेम दीड अंश उतरवत होते. त्या दिवसांत गोठवलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या टाकीत सोडल्या, पण एक लिटरची बाटली १५० लिटर पाणी पाऊण अंशापेक्षा फारसे खाली आणत नाही, हे ध्यानात ठेवून फ्रीजरमध्ये जागा करावी. पंख्यांसाठी काचेचे झाकण काढावे लागते आणि गोबी उडी मारतो, म्हणून वर डासांची जाळी ताणली आहे.

पंखे आले की पाणी आटते, आणि त्यातून दुसरे काम निघते. एप्रिलमध्ये रोज चार लिटर पाणी उडत होते. मीठ मागेच राहत असल्याने एका दिवसात क्षारता ३५ वरून ३६ च्या जवळ जाते, आणि पातळी एक सेंटिमीटर उतरली की टाकीच्या आत लटकणाऱ्या स्किमरचा फेसही बसतो. तूट एकदम भरली तर त्याचा फेस साठवणारा कप उतू जातो. यावर तयार स्वयंचलित यंत्रे मिळतात. मी वॉटर प्युरिफायरचा पाव इंची फ्लोट व्हॉल्व्ह (पातळी उतरली की पाणी सोडणारी तरंगती तोटी) घेऊन टाकीच्या कोपऱ्यात बसवला आणि वर फळीवर गोड्या शुद्ध पाण्याचा कॅन ठेवला. कॅन मुद्दाम १० लिटरचाच आहे. व्हॉल्व्ह अडकून सगळा रिकामा झाला तरी पातळी अडीच सेंटिमीटरच वाढेल आणि क्षारता ३३ च्या आसपास थांबेल, जी मासे सोसतात.

पाण्याबाबत काटकसर करू नये. आमच्या कूपनलिकेच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) हजारावर आहे. क्षारपड जमिनींसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात राहून मीठ विकत आणावे लागते याची गंमत वाटते, पण ते क्षार येथे उपयोगाचे नाहीत. घरगुती आरओमधील टीडीएस नियंत्रक कच्चे पाणी परत मिसळतो, म्हणून तो पूर्ण बंद करून पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडली. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराईड मिळून सुमारे ८५ टक्के असतात. उरलेल्या मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियमसाठीच सागरी मिठाचे पैसे द्यायचे. लिटरला ३६ ग्रॅमच्या आसपास मीठ लागते, म्हणजे टाकी एकदा भरायला साडेपाच किलो. रत्नागिरीहून कॅन भरून आणण्याचा मार्ग मी सोडला, कारण किनाऱ्याजवळचे पाणी गढूळ असते, पावसाळ्यात पातळ होते, आणि गाडीच्या इंधनात महिनोन्‌महिन्यांचे मीठ येते.

क्षारता मोजायला काट्याचा प्लास्टिक हायड्रोमीटर घेऊ नये. काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा सरकतो. प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षारता दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि तो शुद्ध पाण्यावर नव्हे तर ३५ च्या द्रावणावर जुळवावा. ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात ३६.५ ग्रॅम स्वच्छ मीठ विरघळवले की त्या द्रावणाचा अपवर्तनांक ३५ पीपीटीच्या समुद्रजलाइतका होतो. मीठ मी ओळखीच्या सराफांच्या काट्यावर मोजून आणले.

दगडांविषयी थोडक्यात सांगायचे तर, प्रवाळाचे दगड कोणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नयेत. कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. सच्छिद्र सिरॅमिक ठोकळ्यांवर घाण पचवणारे जीवाणू उत्तम वसतात. दिव्यावर खर्च करण्याचे कारण नाही, साधा पांढरा एलईडी पुरतो. हीटर २०० वॅटचा सुचवला गेला होता, मी १०० चा घेतला. सांगलीच्या हिवाळ्याला तो पुरला, आणि थर्मोस्टॅट चालू अवस्थेत अडकल्यास लहान हीटरने मासे शिजण्याचा धोका कमी असतो.

नव्याने घेणाऱ्याने स्किमर निवडताना दुकानातच पंप उघडायला लावावा, दांडी बाहेर काढून दाखवायला सांगावी आणि ती सुटी केवढ्याला मिळते ते बिलावर लिहून घ्यावे. पैसे थोडे जास्त असतील तर २४ व्होल्टचा डीसी पंप पाहावा. तो हळूहळू वेग घेतो, एकाच दिशेने फिरतो आणि बॅटरीवरही चालवता येतो. घरातला इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर एसी पंप तापतो आणि भणभणतो. माझा वेव्हमेकर डीसी असल्यामुळे वीज गेली तरी तो एका १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालू राहतो. सध्या पाऊस लागल्याने पंखे उतरवले आहेत. खाऱ्या तुषारांनी त्यांच्या बेअरिंगला गंज धरला आहे, तेव्हा मार्चमध्ये तीनशे रुपयांची नवी जोडी आणि कूलरवाल्याकडून आणखी दोन दांड्या घ्यायच्या आहेत.