आवाज गिळणारे हेडफोन, तीन महिन्यांनंतर

माझं काम मुलाखतींची रेकॉर्डिंग साफ करण्याचं. उसासे, खुर्चीची करकर, कागदांची सळसळ, मध्येच वाजलेला फोन, हे सगळं दिवसभर कापत बसते. नॉइज कॅन्सलेशनवाले, कान पूर्ण झाकणारे हेडफोन घेतले ते त्यासाठीच. संध्याकाळचं माझं ऐकणं मात्र नेमकं उलटं, गोंगाटालाच संगीत म्हणणाऱ्या माणसांचं. तेव्हा हे परीक्षण त्या अंगाने. बेस किती दणदणीत ते सांगणारे पुष्कळ आहेत.

पहिल्यांदा लावली रसोलोची तबकडी. लुइजी रसोलो हा इटलीचा चित्रकार. १९१३ साली त्याने ‘गोंगाटाची कला’ हा जाहीरनामा लिहिला, आवाजांची सहा कुळं पाडली आणि ते काढायला लाकडी खोकी बनवली. पुढे कर्णा, फिरवायला दांडा, आत तारेला घासणारं चाक. मूळ खोकी आता नाहीत. १९२१ची एक तबकडी आहे, तीत त्याचा भाऊ अंतोनिओ याच्या रचनेत वाद्यवृंदामागे ती घुरघुरतात. कॅन्सलेशन चालू असूनही तबकडीची खरखर जशीच्या तशी ऐकू आली आणि क्षणभर वाटलं, फसलो आपण. पण हे हेडफोन बाहेरचा आवाज मायक्रोफोनने पकडून त्याची उलटी लाट कानात सोडतात. रेकॉर्डिंगच्या आतल्या खरखरीशी त्यांना काही देणंघेणं नाही. तबकडीची खरखर कुठली आणि खोक्याची घुरघुर कुठली, हे पाचव्यांदा ऐकूनही मला सांगता आलेलं नाही. रसोलोची हरकत नसावी.

ट्रेनमध्ये ते उत्तम चालतात. चाकांचा सलग घरघराट जवळजवळ पुसला जातो. तिथे मी मुद्दाम फ्रेंच संगीतकार पिएर शेफरची रेल्वेवरची रचना लावली. १९४८ साली त्याने पॅरिसच्या बातिन्योल स्थानकात इंजिनांचे आवाज टिपले आणि तबकड्यांवर तुकडे फिरवून फिरवून त्यांची रचना केली. खरी गाडी पुसून खोटी गाडी ऐकायची, यासाठी माणसाने पैसे मोजावेत हे मला अजून हसवतं.

खरी परीक्षा अमेरिकन संगीतकार जॉन केजच्या ‘४ मिनिटं ३३ सेकंद’ या रचनेची. २९ ऑगस्ट १९५२, अमेरिकेत वुडस्टॉकजवळ रानात मागून उघडा असलेला हॉल. डेव्हिड ट्यूडर पियानोवर बसला, झाकण बंद केलं आणि घड्याळ पाहत राहिला. असे तीन भाग, एकही सूर न वाजवता. पहिल्या भागात बाहेरचा वारा, दुसऱ्यात छतावर पावसाचे थेंब, तिसऱ्यात कुजबुजणारी आणि उठून जाणारी माणसं. आता बघा, वाऱ्याची घुमघुम म्हणजे हे हेडफोन ज्याच्यावर तुटून पडतात तोच खालचा, सलग आवाज. त्या हॉलमध्ये हे घालून बसलेल्याचा पहिला भाग बुडालाच असता.

मी रात्री अकराला मोबाईलवर टायमर लावून बसले. कॅन्सलेशन सुरू करताच फ्रिजचा घुंकार नाहीसा झाला. वरच्या मजल्यावर सरकलेली खुर्ची उलट जास्त टोचली, कारण तिला झाकायला काही उरलंच नव्हतं. मग गिळल्याचा आवाज, जबडा, नाडी. केज १९५१च्या सुमारास हार्वर्डच्या प्रतिध्वनीरहित खोलीत गेला तेव्हा त्याला दोन आवाज ऐकू आले, एक वरचा, एक खालचा. इंजिनिअरने सांगितलं, वरचा तुमच्या मज्जासंस्थेचा, खालचा रक्ताभिसरणाचा. माझा खालचा मिळाला. वरचा होता हेडफोनचाच बारीक ‘स्स्स’.

ट्रान्सपरन्सी मोडमध्ये बाहेरचं सगळं परत येतं, पण धुऊन, इस्त्री करून. दार आपटलं तर आधी कुणी तरी उशी ठेवल्यासारखं. शेवटी काढून मांडीवर ठेवले. दोन्ही बाजू एकमेकींना टेकल्या आणि हेडफोन चक्क शिट्टी वाजवायला लागले. उरलेली दीड मिनिटं ती शिट्टी, फ्रिज आणि मी. तीन महिन्यांतला हा सगळ्यात चांगला कार्यक्रम.

तक्रार एकच आहे, पण मोठी. फ्रेंच चित्रकार ईव्ह क्लाइनची सिंफनी म्हणजे वीस मिनिटं एकच स्वरमेळ आणि मग वीस मिनिटं शांतता. १९६०च्या मार्चमध्ये पॅरिसला ती वाजली तेव्हा नग्न मॉडेल्स अंगाला निळा रंग लावून कागदावर ठसे उमटवत होत्या. माझ्याकडच्या रेकॉर्डिंगमध्ये शांतता नाही, म्हणून मीच पुढे वीस मिनिटांची कोरी पट्टी जोडली. पंधराव्या मिनिटाला कानात एक बाई अत्यंत प्रसन्न आवाजात म्हणाली, ‘पॉवर ऑफ’.

चूक थोडी माझीही. कामात खोकला कापला की तिथे कोरी जागा सोडत नाही आम्ही, ऐकणाऱ्याला वाटतं यंत्र बंद पडलं. त्याच खोलीचा रिकामा आवाज, रूम टोन, ठिगळासारखा भरतो. त्यासाठी प्रत्येक मुलाखतीआधी सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प बसवते आणि लोक हमखास हसतात. क्लाइनच्या शेपटीला मी तेवढं ठिगळ लावलं नव्हतं.

कस्टमर केअरला फोन केला.

“मॅडम, गाणं चालू होतं का?”

“हो, शांततेचा भाग चालू होता.”

“म्हणजे बंद होतं ना?”

इथे माझी बोलती बंद झाली. अ‍ॅपमध्ये ऑटो-ऑफ, म्हणजे आवाज थांबला की आपोआप बंद होणं, काढायची सोय आहे, पण चार मेन्यू खोल. बॅटरी छान, गाद्या मऊ, उन्हाळ्यात कान घामेजतात. अमेरिकन संगीतकार मॉर्टन फेल्डमनच्या हलक्या, विरत जाणाऱ्या पियानोसाठी कॅन्सलेशन बंदच ठेवा, तो ‘स्स्स’ शेवटचा सूर खातो.

पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा त्या बाईपायी कापला आहे.