जाड मूर्ती भाजायची असेल तर चिकलठाण्याची ही भट्टी, बिनधास्त द्या

पाचपैकी पाच. कारण एकच, हे लोक घाई करत नाहीत. पणत्या, कुंड्या, कप कुणीही भाजून देतं, पण हाताएवढी जाड माती असलेली मूर्ती अख्खीच्या अख्खी बाहेर काढणं हे वेगळंच काम हाय आणि आपल्या मराठवाड्यात ते नीट करणारे लई कमी भेटतात.

मी आजीचा अर्धपुतळा दिला होता, जवळजवळ खऱ्या मापाचा. आतून पोकळ केलेला, पण मान आणि अंबाड्यापाशी माती जाडच ठेवावी लागते नाहीतर डोकं खाली बसतं. जालन्याहून गाडीत भुश्श्याच्या पोत्यावर ठेवून आणला. भट्टीवाले मामा (सगळे मामाच म्हणतात) आधी रेट बोललेच नाहीत, बुडाच्या भोकातून हात आत घालून मानेपर्यंत चाचपत गेले, मग म्हणले, "ताई, वरून वाळलीय पण आतून गार लागायलीय, पाणी हाय अजून. इथंच ठेवा, वजन उतरायचं थांबलं की लावू." आणि खरंच रॅकवर ठेवून घेतला, काट्यावरच्या वजनाचा फोटो रोज व्हॉट्सअपवर टाकत होते, आकडा हलायचा थांबला तेव्हाच भट्टीचा नंबर लागला.

हे एवढं कौतुकानं सांगायलेय कारण याआधी दुसऱ्या एका ठिकाणी माझा जाड मुखवटा पणत्यांसोबत एकाच दिवसात भाजून काढला होता, पिशवीत ठिकऱ्या हातात दिल्या आणि वर "तुमच्या मातीत हवा राहिली होती" असं ऐकवलं. हवेनं फुटत नाही हो. कोरड्या मातीत हवेचा बुडबुडा असला तरी तो गरम होऊन छिद्रांतून निघून जातो. फुटतं ते पाण्यानं. १०० अंशांच्या पुढं आतल्या पाण्याची वाफ होते, तिला पाण्याच्या सोळाशे पटीहून जास्त जागा लागते, आणि जाड मातीतून तेवढ्या पटकन वाट मिळाली नाही की ती वाट फोडते. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या संग्रहालयात सातवाहनकाळातल्या मातीच्या बाहुल्या हायत, दोन साच्यांत करून जोडलेल्या, आतून पोकळ. तेव्हाच्या कारागिरांना पोकळ ठेवायचं कळत होतं आणि आज भाजणारे हवेवर ढकलतात याचा राग येतो.

मामांनी पुतळ्याखाली बारीक वाळू पसरली होती, कारण भाजताना माती आकसते आणि जड बूड शेल्फला धरून बसलं की तळाला तडा जातो. मग रात्रभर भट्टी ८०-९० अंशांवर, दार किंचित उघडं, वरचं भोक मोकळं. सकाळी मी पोचले तर मामा त्या भोकासमोर छोटा आरसा धरून उभे! आरशावर धुकं धरलं, म्हणजे आतून वाफ अजून निघत होती, लगेच म्हणले "अजून नाही", आणि तापमान होतं तिथंच ठेवलं. दुपारी आरसा स्वच्छ राहिला तेव्हा पुढं सरकले, तेही तासाला ५०-६० अंशांनी, सहाशेपर्यंत. ५७३ अंशांवर मातीतली गारगोटी एकदम फुगते आणि थंड होताना तिथंच परत आकसते, जाड मूर्तीत बाहेरचं अंग आणि आतला गाभा वेगवेगळ्या तापमानाला असला की चीर तिथंच पडते, म्हणून जाताना हळू आणि येतानाही हळू. शेवट हजार अंशांवर. नंतर मी किती मागं लागले तरी आतलं तापमान १०० च्या खाली आल्याशिवाय दार उघडलं नाही.

पुतळा बाहेर आला तो मानेपाशी केसाएवढीही चीर नाही, बोटानं वाजवला तर खणखणीत. मी तिथंच रडले.

उणं सांगायचं तर पॅकिंग करून देत नाहीत, गोधडी नाहीतर भुस्सा आपला आपण न्यायचा. शेड उन्हाळ्यात लई तापतं, एक्झॉस्ट चालू असतो तरी धूर निघत असताना लहान लेकरं आत नेऊ नका. लाईट गेली तर भट्टीचं तापमान सांभाळणारा कंट्रोलर जिथं थांबला तिथून पुढं घेतो, पण तुमचा दिवस वाढतो. आणि नुसत्या काळ्या मातीचं जाड काम ते घेतच नाहीत, आपली काळी माती पाणी लई धरते आणि वाळताना भेगाळते, तिच्यात वाळू नाहीतर भाजलेल्या मातीचा चुरा मिसळून आणा म्हणतात, ते बरोबरच हाय.

दिवाळीच्या आधी पणत्यांची गर्दी असते, तेव्हा जाड काम घेऊन गेलात तर नंबर लवकर लागणार नाही. पावसाळ्यात माती वाळतच नाही. संक्रांतीनंतर जा, हवा कोरडी असते, आणि जायच्या आधी मूर्तीची सगळ्यात जाड जागा किती हाय ते मोजून फोनवर सांगा, मामा पहिला प्रश्न तोच विचारतात.