बटणांपेक्षा दांडी बरी: जुन्या गेमपॅडपासून बनवलेला मिडी कंट्रोलर, वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, तपशील मागून. जुन्या गेमपॅडचा मिडी कंट्रोलर (मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतात ती भाषा) कीबोर्डची जागा घेत नाही, ढोलकीच्या पॅडची तर अजिबातच नाही. पण मींड घेणे (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे), आवाजाचा पोत बदलणारा फिल्टर फिरवणे आणि गाण्याचा पुढचा तुकडा सुरू करणे, या कामांत तो माझ्या विकतच्या २५ पट्ट्यांच्या कीबोर्डला भारी पडला. भर उन्हाळ्यात घरी कूलरसमोर बसून बनवायला घेतला, गणपती आणि नवरात्राचे कार्यक्रम त्यावर निघाले, आता बाजारात संत्री आली आहेत आणि तो अजून चालू आहे. म्हणून लिहितोय.

माल कुठून आणला, ते थोडक्यात. पॅड नागपूरच्या इतवारीतल्या एका कबाड्याकडून. तो किलोवर देत नाही, नगावर देतो, आणि वायर कापलेली असेल तर भाव लगेच उतरतो. बाकी सामान बर्डीला मिळतं: प्रो मायक्रो बोर्ड (प्रोग्राम टाकता येणारा छोटा सर्किट बोर्ड), वायर, सोल्डर, हेडर पिना. दुकानात ‘मिडी’ म्हटलं की समोरचा माणूस एमआयच्या मोबाइलचं कव्हर दाखवतो. ‘एटीमेगा ३२यू४ वाला बोर्ड द्या’ म्हणायचं. ही चिप महत्त्वाची, कारण तिला स्वतःचं यूएसबी आहे. संगणक तिला सरळ मिडी वाद्य म्हणून ओळखतो, ड्रायव्हर लागत नाही. सगळ्यांच्या घरी पडलेल्या आर्डुइनो ऊनो बोर्डवर ते होत नाही, त्यासाठी मध्ये वेगळा पूल बांधावा लागतो. लायब्ररी ‘मिडीयूएसबी’, फुकट.

पहिला बनवला तो नऊ छिद्रांच्या प्लगवाला, टीव्ही गेमचा पॅड. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेले ते टीव्ही गेम म्हणजे निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला. फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात रोलँड आणि सिक्वेन्शियल या दोन कंपन्यांचे सिंथ (सिंथेसायझर) एका वायरीने जोडून मिडी पहिल्यांदा लोकांसमोर चालवून दाखवलं होतं. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ यांना त्यासाठी २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. म्हणजे माझ्या टेबलावर एकाच वर्षी जन्मलेल्या दोन गोष्टी चाळीस वर्षांनी एकमेकींशी बोलत होत्या.

त्या पॅडची रचना फार सरळ आहे. मूळ पॅडमध्ये ४०२१ नावाचं शिफ्ट रजिस्टर, म्हणजे सगळ्या बटणांची स्थिती एका वायरीवरून ओळीने पाठवणारी चिप असते. नकलेत त्याच्या जागी काळा डांबरासारखा ठिपका, पण भाषा तीच. लॅच वायरीवर इशारा द्यायचा, मग क्लॉकच्या ठोक्यागणिक आठ बटणं एकामागून एक डेटावर येतात. वायरी पाचच: पाच व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. रंगांवर भरवसा ठेवू नका, प्रत्येक नकलेत ते वेगळे असतात. मल्टिमीटर बीपवर लावून शोधा. या पॅडला जोर कळत नाही, बटण दाबलंय की नाही एवढंच कळतं. म्हणून मी त्याला सूर दिलेच नाहीत. वर-खाली सप्तक बदलायला, डावं-उजवं आवाज बदलायला, स्टार्ट दाबलं की पुढचा तुकडा. या सगळ्यात न कुरकुरणारा हाच. एक गंमत त्यात फुकट मिळाली: टर्बो बटण दाबून धरलं की पॅड स्वतःच भराभर ‘दाबलं-सोडलं’ पाठवत राहतो, आणि एखादा आवाज थरथरत वाजत राहतो. तालाशी त्याचा काही संबंध नसतो, त्यामुळे मैफलीत एकदाच वापरावं, तेही लोक चहा पीत असताना.

सोल्डरिंग नको असेल तर यूएसबी पॅडचा रस्ता आहे. सायबर कॅफे बंद झाले तेव्हा असे पॅड ढिगाने भंगारात गेले. पायथनमध्ये पायगेमने पॅड वाचायचा, ‘मायडो’ने मिडी पाठवायचं, ते संगीताच्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचवायला विंडोजवर मध्ये ‘लूपमिडी’ लागतं, मॅकवर आयएसी ड्रायव्हर आधीपासून असतो. तासाभरात आवाज येतो. पण कार्यक्रमात मी तो वापरत नाही. स्क्रिप्टची खिडकी मागे गेली की पॅड मुका होतो. पार्श्वभूमीतही जॉयस्टिक वाचत राहा असं एसडीएलला (पायगेमच्या खालच्या लायब्ररीला) वेगळं सांगावं लागतं. शिवाय बरेच स्वस्त पॅड सेकंदाला १२५ वेळाच विचारले जातात, म्हणजे ८ मिलिसेकंद तिथेच गेले. पुढे ऑडिओ बफर ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ नमुन्यांचा ठेवला तर आणखी जवळपास १२. घरी शिकायला ठीक आहे.

आता खरा विषय: प्लेस्टेशन २ चा (पीएस२ चा) पॅड आणि त्याच्या दोन दांड्या, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या जॉयस्टिक.

माझ्या छोट्या कीबोर्डला सूर वाकवायला चाक नाही, टच पट्टी आहे. तिच्यावर घामेजलं बोट अडखळतं, आणि नागपुरात मार्चपासून बोट घामेजलेलंच असतं. पॅडची दांडी अंगठ्याखाली राहते, तिला दोन दिशा असतात, सोडली की मधोमध येते. उजवा हात पट्ट्यांवर, डाव्या हातात पॅड. आडवी दिशा सूर वाकवायला, उभी दिशा फिल्टरला. हार्मोनियमवर मींड येत नाही ही जुनी तक्रार. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये त्या पेटीवर बंदी घातली होती ती ज्या कारणांनी, त्यांत हेही होतं; १९७१ मध्ये कुठे ती शिथिल झाली. पट्टीवाल्या वाद्याला मींड हवीच असेल तर ती बाहेरून आणावी लागते, आणि माझ्याकडे ती कबाड्याच्या पोत्यातून आली.

पण आकडे बघावे लागतात. मिडीत साधा कंट्रोल ० ते १२७ एवढाच, पण पिच बेंडला, म्हणजे सूर वाकवायच्या संदेशाला, १४ बिट असतात: ० ते १६३८३, मध्य ८१९२. म्हणजे वाहतूक रुंद आहे, अरुंद आहे तो पॅड. पीएस२ चा पॅड त्याच्या मूळ भाषेत वाचला (‘पीएस२एक्स’ लायब्ररी हे उत्तम करते) तर दांडीच्या एका दिशेला २५६ पायऱ्या मिळतात. सिंथ वर १२ आणि खाली १२ अर्धस्वर वाकेल असा लावला तर २४०० सेंट भागिले २५६, म्हणजे पायरी ९ सेंटच्या वर. एका अर्धस्वरात १०० सेंट असतात हे लक्षात घ्या. हळू मींड घेताना ती पायरी ऐकू येते, सूर जिना उतरल्यासारखा उतरतो. नेहमीच्या वर २, खाली २ या मापात पायरी दीड सेंटची, एकदम गुळगुळीत, पण तेवढ्यात मींड कुठली?

मी वर ५, खाली ५ वर थांबलो. सा वरून वर शुद्ध मध्यम, खाली मंद्र पंचम. पायरी चार सेंटच्या आत. हीच रेंज सिंथमध्येही लावायची, नाहीतर पॅड एक म्हणतो आणि आवाज दुसरंच. ज्यांना पूर्ण सप्तकाची मींड हवी त्यांनी पॅडचा मेंदू बाजूला ठेवून दांडीचे पोटेन्शिओमीटर (दांडीची जागा विजेत मोजणारे भाग) सरळ प्रो मायक्रोच्या अॅनालॉग पिनांना जोडावेत. तिथे १०२४ पायऱ्या मिळतात. दांडी विजेच्या दृष्टीने टोकापर्यंत पोचत नाही, त्यामुळे हातात त्याहून कमी येतात, तरी २५६ पेक्षा बऱ्याच.

मग मध्याचा प्रश्न. स्प्रिंग दांडीला रोज नेमक्या त्याच जागी आणत नाही. डावीकडून सोडली तर एक आकडा, उजवीकडून सोडली तर दुसरा. दोन्हींना पोटात घेईल एवढा मृत पट्टा मध्ये ठेवावा लागतो, नाहीतर सा कायम किंचित हललेला. पट्टा ठेवला की त्याच्या कडेला सूर उडी मारतो. म्हणून पट्ट्याची रुंदी वजा करून मोजणी तिथून शून्यापासून सुरू करायची. आणि वळण सरळ न ठेवता मध्याजवळ मंद, टोकाकडे वेगवान ठेवायचं. कोमल गंधाराचं आंदोलन त्या मंद भागात अंगठ्याने नीट येतं. बोर्ड चालू होताना मध्य मोजून घ्यावा, तेवढ्यापुरता पॅडला हात लावू नये.

वाजवण्याची खरी युक्ती मात्र कोडमध्ये नाही. दांडी आधी खेचून ठेवायची, मग पट्टी दाबायची, मग अंगठा सैल करत यायचा. सूर आपण होऊन जागेवर बसतो, कारण जागेवर आणणं हे स्प्रिंगचंच काम. अंगठा एकदम उचलला तर दांडी मध्य ओलांडून पलीकडे जाते, परत येते, आणि शेवटी एक हेलकावा ऐकू येतो. अंगठा शेवटपर्यंत लावूनच ठेवा.

जिथे गोष्ट परत यायला नको तिथे हीच स्प्रिंग वैरी होते. दांडीवर आवाजाची पातळी लावली की सोडताच ती ६४ वर. यावर उपाय म्हणजे दांडीला जागा नाही, वेग द्यायचा: वर धरली तोवर आवाज चढत जाईल, सोडली की आहे तिथे थांबेल. दुसऱ्या दांडीवर मी आता रिव्हर्ब असाच चालवतो. अचूक आकडा गाठायला मात्र हे वाईट. त्याला साधा फिरकीचा नॉबच हवा.

पीएस२ च्या अस्सल पॅडमध्ये आणखी एक दडलेली चीज आहे: त्याची बारा बटणं दाब मोजतात, ० ते २५५. मला वाटलं होतं यातून तबल्याचा जोर मिळेल. मिळत नाही. बोट टेकल्याबरोबर येणारा पहिला आकडा नेहमी लहान असतो. खरा जोर कळायला काही मिलिसेकंद थांबावं लागतं, आणि थांबलं की ठेका मागे पडतो. पण तोच दाब आफ्टरटच, म्हणजे सूर सुरू झाल्यानंतर वाढणारा दाब, म्हणून लावला, की बासरीच्या आवाजात फुंक वाढवता येते. इथे तो मस्त आहे. नकली पॅड घेतलात तर ही सोय विसरा, माझ्या हाती आलेले ० किंवा २५५ एवढंच बोलतात.

ढोलकीच्या बाबतीत आमच्या ढोलकवाल्याचं मत प्रमाण मानतो. त्याने चौकोन-त्रिकोणावर थोडा ठेका धरून पाहिला आणि म्हणाला, “भाऊ, याच्यात बोट जाऊनच राह्यलं, आवाज मागून येऊन राह्यला.” रबराचा घुमट दबून त्याचा कार्बन खाली टेकेपर्यंतचा तो प्रवास आहे, कोड कितीही घासला तरी तो कमी होत नाही. वर बटण टेकताना थरथरतं, एका दाबात दोनदा वाजू नये म्हणून पाचेक मिलिसेकंद दुसरा ठोका नाकारावा लागतो. रोल संपला तिथेच.

एका ओळखीच्यांच्या माळ्यावर गिटारच्या आकाराचा पीएस२ पॅड निघाला. पाच रंगीत बटणं, म्हणून भूप: सा रे ग प ध. मुलं तासन्‌तास खेळतात. त्याची सूर वाकवायची व्हॅमी दांडी एकाच दिशेला जाते, त्यामुळे सूर एका बाजूलाच वाकतो. खेळणं म्हणून छान.

टिकाऊपणाचं बोलायचं तर इथलं ऊन पहिलं घ्यावं लागेल. पारा ४५ ला गेल्यावर उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवलेल्या पॅडमधला हॉट ग्लू सैल पडतो आणि आतला बोर्ड खुळखुळतो. जिथे ताण येतो तिथे स्क्रू किंवा एपॉक्सी, ग्लू फक्त वायरी आवरायला. जुन्या पॅडचा मऊ रबरी लेप चिकट झालेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो पुसून टाकला की खालचं प्लास्टिक स्वच्छ निघतं. प्रो मायक्रोचं मायक्रो-यूएसबी तोंड हा सगळ्यात नाजूक भाग, ओढ बसली की तांब्याच्या पट्टीसकट उखडतं. वायर पॅडच्या कवचालाच आतून गाठ मारून अडकवावी. आणि स्वस्त पॅडच्या काळ्या कार्बनच्या टिकल्यांवर सोल्डर धरत नाही. तिथून निघणाऱ्या रेघेवरचा हिरवा लेप ब्लेडने खरवडून तांब्याला जोडावं लागतं. मांडवात जनरेटरवर कधी घुमणारा गोंगाट आला तर पॅडला दोष देण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. माझ्याकडे दर वेळी तोच निघाला.

दांडीचा कार्बन मात्र झिजतोच. माझ्या डाव्या दांडीला आता मधला पट्टा आधीपेक्षा रुंद द्यावा लागतो. चुंबकावर चालणाऱ्या, हॉल सेन्सरच्या दांड्यांत घासणारा कार्बन नसतो; पुढचा पॅड त्यांवर बनवणार आहे.

तुम्ही कबाड्याकडे गेलात तर दांडी चारही बाजूंना नेऊन सोडून बघा. चटकन मध्यावर आली, खरखर लागली नाही, तर पॅड घ्या. मग बसलेली बटणं आणि कापलेली वायर त्याला दाखवून भाव पाडा. त्यातलं काहीच आपल्याला लागत नाही, हे त्याला माहीत नसतं.