सीडरची ब्लूबर्ड पेटी, खांब आणि बॅफल: दर आठवड्याला पेटी उघडणारीचं मत

अंगणात ब्लूबर्ड, म्हणजे अमेरिकेतला निळ्या पाठीचा छोटा पक्षी, घरटं करायला यावेत म्हणून कोणती पेटी घ्यावी, हा प्रश्न इथल्या मराठी मंडळींकडून मला इतक्यांदा येतो की एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी उत्तर व्हर्जिनियातल्या एका काउंटी पार्कमध्ये ब्लूबर्ड ट्रेलवर स्वयंसेवक आहे. ट्रेल म्हणजे मोकळ्या गवताळ मैदानाच्या कडेनं अंतराअंतरावर लावलेल्या पेट्या. मार्चपासून ऑगस्टपर्यंत आम्ही पाळीपाळीनं आठवड्यातून एकदा फिरतो, प्रत्येक पेटी उघडतो आणि आत काय आहे ते लिहून घेतो. त्यामुळे पेटी दिसायला किती गोड आहे याच्याशी मला देणंघेणं नाही. ती एका हातानं उघडते का, पावसात आतून कोरडी राहते का, आणि साप किंवा रॅकून (खांबा-झाडांवर चढणारा इथला निशाचर प्राणी) तिच्यापर्यंत पोचतात का, एवढंच मी बघते.

मी घेतलेली आणि इथे जिच्याबद्दल लिहितेय ती पेटी साध्या सीडर लाकडाची आहे. फळ्या पाऊण इंच जाड, तळ साधारण चार बाय चार इंच, भोक दीड इंचाचं गोल, छप्पर पुढे चांगलं बाहेर आलेलं. वरच्या बाजूला हवेसाठी फटी आहेत आणि तळाचे कोपरे कापलेले आहेत, म्हणजे पाणी साचून राहत नाही. रंग बाहेरून नाही आणि आतून तर नाहीच. भोकाखाली बसायला दांडी नाही. दांडी नसणं ही उणीव समजून काही जण ती स्वतः ठोकतात. कृपा करून ठोकू नका. ब्लूबर्ड भोकाची कड पकडून आरामात बसतो. दांडीची सोय होते ती चिमण्यांना, बाहेर बसून आतल्यांना त्रास द्यायला.

दीड इंचाला कारण आहे. युरोपातून आणलेला स्टार्लिंग, आपल्याकडच्या भोरड्यांच्या नात्यातला, एवढ्या भोकातून आत जाऊ शकत नाही आणि पूर्वेकडचा ब्लूबर्ड जातो. डोंगराळ पश्चिमेकडचा माउंटन ब्लूबर्ड अंगानं किंचित मोठा, त्याच्यासाठी १ ९/१६ इंचाचं भोक ठेवतात. तेव्हा मोंटाना, आयडाहोकडे राहणाऱ्यांनी मागवताना तेवढं बघून घ्या. एका सोळांश इंचावर घरटं कुणाचं ते ठरतं.

मुळात या पक्ष्याला पेटी लागते का, असंही विचारतात. लागते, कारण तो स्वतः भोक पाडू शकत नाही. सुतारपक्ष्यानं सोडलेली ढोली किंवा कुंपणाच्या कुजक्या लाकडी खांबातली पोकळी, यावर त्याचं चालायचं. वाळकी झाडं तोडली गेली, लाकडी खांबांच्या जागी लोखंडी आले. त्यात १८५०च्या सुमाराला ब्रुकलिनमध्ये चिमण्या सोडल्या गेल्या आणि १८९० साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये स्टार्लिंग. उरल्यासुरल्या ढोल्या या दोघांनी बळकावल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्लूबर्ड दिसणं ही सांगण्यासारखी गोष्ट झाली होती. इलिनॉयमधल्या क्विन्सी गावाच्या टी. ई. मसलमन यांनी १९३४ साली रस्त्याकडेला ओळीनं पेट्या लावायला सुरुवात केली. पुढे लॉरेन्स झेलेनी या निवृत्त जीवरसायनशास्त्रज्ञानं १९७८ साली नॉर्थ अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटी उभी केली. आज गोल्फच्या मैदानांवर, शाळांमागे, दफनभूमीत जे ब्लूबर्ड दिसतात त्यांच्यामागे पेट्या उघडून बघणाऱ्या हजारो माणसांची मेहनत आहे.

आता दाराबद्दल. माझ्या दृष्टीनं पेटीची निम्मी किंमत दाराची. या पेटीची एक बाजू वरच्या दोन खिळ्यांवर फिरून खालून बाहेर उघडते, खाली एक स्क्रू. आधी फळीवर बोटानं दोनदा टकटक करायची, मग बाजूला उभं राहून क्षणभर थांबायचं. मादी आत असेल तर भुर्रकन उडून जाते. मग स्क्रू सैल करून दार जेमतेम दोन बोटं उघडायचं, आत बघायचं, आणि घरटं दाराला टेकलेलं नाही याची खात्री झाल्यावरच पुढे उघडायचं. गवताच्या काड्यांची नीट विणलेली वाटी आणि तिच्यात फिकट निळी चार-पाच अंडी दिसली तर ब्लूबर्ड. कधीकधी पांढरी अंडीही निघतात, तीही त्याचीच असू शकतात. शेवाळाची मऊ गादी असेल तर चिकडी. वाटीत पिसं आणि शुभ्र अंडी असतील तर ट्री स्वॅलो, आपल्या भिंगरीच्या कुळातली. तळापासून वर काटक्या कोंबलेल्या असतील तर रेन. गवत, पिसं, प्लॅस्टिक, कागद असा सगळा पसारा छतापर्यंत चढलेला असेल तर चिमणी.

कधीकधी मादी उडतच नाही. अंड्यांवर पसरून बसते आणि वळून थेट तुमच्याकडे बघते. गंजक्या तांबूस रंगाची छाती, पाठीवर राखाडी छटेखालून डोकावणारा निळा. अशा वेळी दार अलगद लावायचं, वहीत ‘मादी घरट्यात’ लिहायचं आणि पुढच्या पेटीकडे जायचं. या पेटीचं दार एवढ्या शांतपणे लागतं याचं मला फार कौतुक आहे. वरून छप्पर उचलून बघायच्या पेट्या मी वापरल्यात. त्यात उंच माणसाला दिसतं, मला मोबाइल आत धरून फोटो काढावा लागतो.

सासूबाई उन्हाळ्यात इकडे असतात तेव्हा माझ्याबरोबर ट्रेलवर येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी दार उघडताच त्यांनी माझा हात धरला. “अगं, माणसाचा हात लागला की पक्षी घरटं टाकून देतात ना?” म्हटलं, “आई, नाही टाकत. माणसाच्या वासानं काही होत नाही, फार वेळ उभं राहिलं तर मात्र त्यांना आत येता येत नाही.” आम्ही दार लावून लांब ओकच्या सावलीत जाऊन उभ्या राहिलो. थोड्या वेळानं नर चोचीत हिरवी अळी घेऊन छपरावर उतरला आणि भोकात शिरला. तेव्हापासून वही त्यांच्याकडे असते. तारीख, पेटीचा क्रमांक, अंडी, पिल्लं, सगळं मराठीत लिहितात आणि मी घरी येऊन कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेच्या नेस्टवॉच ॲपवर भरते. ॲप फुकट आहे. आधी घरट्याजवळ कसं वागायचं यावर एक छोटी परीक्षा द्यावी लागते आणि ती प्रत्येकानं द्यायलाच हवी असं मला वाटतं, ॲप वापरा किंवा नका वापरू.

त्यातला एक नियम पेटी घेणाऱ्यांनी पाठच करावा. अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात आणि पिल्लं अठरा-वीस दिवसांची झाली की उडतात. पण बारा-तेरा दिवसांनंतर दार उघडायचं नाही. पिल्लं घाबरून वेळेआधी बाहेर उड्या मारतात, आणि उडता न येणारं पिल्लू गवतात पडलं की जगण्याची आशा फार थोडी. म्हणून पिल्लांचं वय अंदाजानं नाही, अंडी फुटल्याच्या तारखेवरून मोजायचं, आणि त्यासाठीच दर आठवड्याची नोंद लागते. बाराव्या दिवसाच्या आसपास पंखांवरचा निळा इतका उमटलेला असतो की नर-मादी ओळखता येतात. तोच शेवटचा फोटो काढायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नुसती पेटी घेऊ नका. खांब आणि बॅफल बरोबर घ्या, नाहीतर घेऊच नका. बॅफल म्हणजे आठ इंच व्यासाचा, दोन फूट लांब पत्र्याचा पाइप, शेगडीच्या धुराड्याला असतो तसा, वरचं तोंड जाळीनं बंद केलेला. तो पेटीखाली खांबावर सैल लटकतो. खांबावरून चढणारा साप किंवा रॅकून पाइपच्या आत शिरतो, वर जाळी लागते आणि परत खाली येतो. सैल हलतो म्हणून बाहेरूनही पकड मिळत नाही. मी घेतलेल्या संचात अर्ध्या इंचाचा गॅल्वनाइज्ड कंड्युट (विजेच्या तारा घालायचा धातूचा पाइप) आहे, जमिनीत ठोकलेल्या सळईवर बसवायचा. हातोडा असेल तर एकट्या माणसाचं काम आहे, पेटी छातीएवढ्या उंचीवर येते. पेटी, खांब, बॅफल मिळून खर्च शंभर डॉलरच्या आसपास आला, आणि त्यातला सर्वांत सार्थकी लागलेला पैसा मी बॅफलचा म्हणेन.

पेटीबरोबर आलेल्या सूचनापत्रकात मात्र ‘झाडाला किंवा कुंपणाला लावा’ असं छापलं होतं. बनवणाऱ्यांचं नाव घेत नाही, पण हे वाचून मला खूप राग आला. झाडावरची पेटी म्हणजे रॅट स्नेकला चालून आलेलं ताट. तो काळा साप खोडावरून सरळ चढतो आणि एका रात्रीत पेटी रिकामी करतो. सकाळी घरटं जसंच्या तसं असतं, एक काडी हललेली नसते आणि पिल्लं नसतात. ज्यांनी हे पाहिलंय ते पेटी झाडाला लावा असं कधी सांगणार नाहीत.

इतर पेट्यांबद्दल थोडक्यात. मिनेसोटाचे डिक पीटरसन यांची तिरक्या छपराची पेटी आमच्या ट्रेलवर आहे. तिचं दार पुढून खाली उघडतं, आतलं छान दिसतं, तळ अरुंद असल्यामुळे पक्ष्यांना गवत कमी भरावं लागतं. पण ती जड आणि तिचं भोक लंबगोल आहे. गिल्बर्टसन यांची पीव्हीसीच्या नळीची पेटी हलकी, चिमण्यांना ती कमी आवडते असं बऱ्याच ट्रेलवाल्यांचं म्हणणं आहे. चिमण्या जास्त असतील तर मी तीच सुचवेन, पण पूर्ण उन्हातल्या जागेसाठी मला लाकूडच बरं वाटतं.

चिमण्यांविषयी लिहिताना मन जड होतं. आपल्याकडे चिमण्या कमी झाल्या म्हणून लोक गॅलरीत खोके टांगतात, आणि तेच योग्य आहे. इथे मात्र चिमणा पेटीत शिरून अंड्यांवर बसलेल्या ब्लूबर्ड मादीला टोचून मारतो, आणि मग तिच्या अंगावरच घरटं रचतो. मी ते पाहिलंय. १९१८च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्टखाली इथल्या मूळच्या पक्ष्यांच्या घरट्याला, अंड्यांना धक्का लावता येत नाही. रेन किंवा ट्री स्वॅलोनं पेटी घेतली तर ती त्यांची. चिमणी आणि स्टार्लिंग यांना ते संरक्षण नाही, म्हणून चिमणीचं घरटं आम्ही काढून टाकतो. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी, विशेषतः टाउनहाउसच्या दाट वस्तीत किंवा दाण्याचं फीडर सतत भरलेलं असेल तिथे, ब्लूबर्ड पेटी लावू नये. रिकामी जागा चिमण्यांनाच मिळते आणि आसपासच्या ब्लूबर्डचा जीव धोक्यात येतो. ब्लूबर्डचं पहिलं अंडं आलं की छपरावर चकचकीत मायलर प्लॅस्टिकच्या पट्ट्या लोंबतील असा सांगाडा उभारता येतो. चिमण्या त्याला बिचकतात, अंडं घातलेली मादी सहसा बिचकत नाही.

जागा मोकळी असेल तर दोन पेट्या घ्या आणि पंधरा-वीस फुटांवर लावा. ट्री स्वॅलो आपल्या जातभाईला एवढ्या जवळ राहू देत नाही, ब्लूबर्डला राहू देतो. एक पेटी तो घेतो, दुसरी ब्लूबर्डला मिळते.

पेटीत दोन उणिवा आहेत. भोकाभोवती धातूची चकती नाही, त्यामुळे खारी आणि सुतारपक्षी ते कुरतडून मोठं करतात आणि मग दीड इंचाचा काही उपयोग राहत नाही. चकती वेगळी मिळते, पेटी आली की लगेच लावून टाका. दुसरं, दमट जुलैमध्ये लाकूड फुगतं आणि दार अडकतं. आत पिल्लं असताना दाराला हिसका द्यायचा नसतो, म्हणून एप्रिलमध्येच कड पॉलिश पेपरनं घासून घ्या. पाणी आत येत नाही. मोठ्या वादळानंतरही घरटं कोरडं होतं, याबद्दल पूर्ण गुण. ब्लोफ्लाय माशीच्या अळ्या घरट्याच्या तळाशी रात्री पिल्लांचं रक्त पितात. त्यासाठी तळावर उचललेली जाळी घालता येते आणि या पेटीत ती नीट बसते.

पाचपैकी साडेचार. पार्कला पुढच्या हंगामासाठी पेट्या हव्या आहेत, त्यासाठी मी याच सुचवल्यात, चकती बसवलेल्या आणि प्रत्येकीबरोबर बॅफल. सूचनापत्रकाबद्दल बनवणाऱ्यांना पत्रही लिहिलंय. फेब्रुवारीअखेर खांब ठोकून तयार ठेवा; नर तेव्हापासूनच जागा बघत फिरतात.